घाटमाथ्याचा पाऊस आणि महाड-पोलादपूर : एक भौगोलिक विवेचन

प्रस्तावना :
महाड व पोलादपूर हे तालुके कोकणात मोडत असले तरी त्यांच्या हवामानाची सूत्रे घाटमाथ्यावर आहेत. महाबळेश्वरच्या पठाराची उंची सुमारे १,४०० मीटर असून त्याच्या पश्चिम पायथ्याशी सावित्रीचे खोरे पसरले आहे. पठार आणि खोरे यांचा विचार एकत्रितपणे केल्याशिवाय या भागातील पूर व दरडी यांचे आकलन होत नाही.

प्राकृतिक रचना :
सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर एकावर एक साचून सह्याद्रीचा हा भाग घडला. माथ्यावर जांभ्याचे आच्छादन, त्याखाली बेसॉल्टचे थर आणि उतारांवर झिजलेल्या खडकाचा मुरूम व माती अशी येथील रचना आहे. कृष्णा व सावित्री या दोन्ही नद्या महाबळेश्वरी उगम पावतात. परंतु कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागरास मिळते, तर सावित्री सुमारे शंभर किलोमीटरमध्येच बाणकोटजवळ अरबी समुद्र गाठते. एवढ्याच उंचीवरून इतक्या कमी अंतरात उतरणाऱ्या नदीचा वेग घाटात प्रचंड असतो.

हवामान :
अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे कड्यांना अडून वर चढतात, थंड होतात आणि पाऊस देतात. उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंशांनी घटते. त्यामुळेच महाबळेश्वरी वार्षिक पर्जन्य ५,५०० मिलिमीटरच्या वर जाते. पूर्वेस पायथ्याच्या वाई परिसरात मात्र ते एक हजार मिलिमीटरपेक्षाही कमी असते.

परिणाम :
माथ्यावर पडलेले पाणी काही तासांत पोलादपूरमार्गे महाडला पोहोचते. तेथे गांधारी व काळ नद्यांचे पाणी सावित्रीत मिसळते. भरतीचा प्रभाव महाड परिसरापर्यंत जाणवत असल्याने, पूर व भरती एकाच वेळी आल्यास पाण्याचा निचरा रोखला जातो आणि बाजारपेठ जलमय होते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीच्या पुरात महामार्गावरील जुना पूल वाहून गेला.

दरडींचे कारणही हेच आहे. सलग पावसाने उतारावरील मातीचा थर पाण्याने भरून जड होतो, कणांमधील पकड सैल होते आणि खालच्या घट्ट खडकावरून तो घसरतो. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते या गावांनी हे अनुभवले. २२ जुलै २०२१ रोजी तळीये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे दगावली. त्याच सुमारास महाबळेश्वरी २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता.

समारोप :
डोंगराची उंची, वाऱ्याची दिशा व उताराची माती बदलता येत नाही. परंतु माथ्यावरील पर्जन्यमापकाचा आकडा पायथ्याच्या वाडीपर्यंत वेळेत पोहोचविता येतो. जमिनीला पडलेल्या भेगा, अचानक गढूळ झालेले झरे, कललेली झाडे ही लक्षणे ग्रामस्थांना आधी दिसतात. त्यांची नोंद ठेवण्याचे काम स्थानिक महाविद्यालयांच्या भूगोल विभागांना करता येण्यासारखे आहे. महाबळेश्वरचा पाऊस पर्यटकांसाठी निसर्गसौंदर्याचा विषय असला, तरी सावित्रीकाठच्या माणसांसाठी तो पहिला इशारा आहे.