झिपचे गाठोडे आणि आतील आवाज

पवित्र शास्त्राच्या वाचनाची, स्तोत्रांची आणि प्रवचनांची ध्वनिमुद्रणे आता ध्वनिफितीच्या स्वरूपात मिळत नाहीत. ती संगणकीय फाईलच्या रूपाने येतात, आणि बहुधा अनेक फाईली एकत्र बांधून केलेल्या ‘झिप’च्या रूपाने येतात. अशी झिप हाती पडली की ती वाजत नाही. आणि मग धर्मगुरू व धर्मशिक्षक एकमेकांना विचारू लागतात की, झिपचे एमपी थ्रीमध्ये रूपांतर करून देणारे चांगले संकेतस्थळ कोणते? आमच्या मते हा प्रश्नच किंचित चुकीचा मांडला गेला आहे, आणि त्याच्या उत्तरात काही धोका दडलेला आहे. म्हणून त्याचा थोडा खोलात जाऊन विचार करणे इष्ट वाटते.

झिप हा ध्वनीचा प्रकार नव्हे. ते गाठोडे होय. गाठोड्यात धान्य असू शकते, कपडे असू शकतात, तसेच झिपमध्ये ध्वनी, चित्रे, लेख असे काहीही असू शकते. गाठोड्याचे धान्यात रूपांतर कोणी करीत नाही. गाठ सोडली की धान्य आत असतेच. त्याचप्रमाणे झिप उघडली की आतील एमपी थ्री फाईली होत्या तशा बाहेर येतात. काही जण फाईलच्या नावातील ‘झिप’ हे शेवटचे अक्षर पुसून तेथे ‘एमपी थ्री’ असे लिहितात. त्याने काहीही साधत नाही. पोत्यावरची चिठ्ठी बदलल्याने आतला माल बदलत नाही.

हा गोंधळ होण्याचे एक कारण असे की, झिप आणि एमपी थ्री या दोहोंविषयी ‘आकार लहान करणे’ हाच शब्दप्रयोग केला जातो. वस्तुतः त्या दोन अगदी भिन्न क्रिया आहेत. झिपची पद्धत फिल कॅट्झ या अमेरिकन तंत्रज्ञाने १९८९ मध्ये प्रचारात आणली. तिच्या मुळाशी लेम्पेल आणि झिव या दोन इस्रायली संशोधकांनी १९७७ मध्ये मांडलेली कल्पना आहे. स्तोत्र १३६ डोळ्यांसमोर आणावे. त्याच्या २६ ही ओव्यांत एकच ध्रुवपद पुनःपुन्हा येते. लेखनिकाने ते एकदाच पूर्ण लिहून पुढे प्रत्येक ठिकाणी ‘वरीलप्रमाणे’ अशी खूण केली, तर कागद वाचेल आणि तरीही मूळ स्तोत्र अक्षरशः परत लिहिता येईल. झिप हेच करते. तीत एका बिंदूचाही लोप होत नाही.

एमपी थ्रीचे तसे नाही. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रँडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी पद्धत विकसित केली, ती मानवी कानाच्या मर्यादेवर उभी आहे. मोठी घंटा वाजत असता शेजारची कुजबुज आपल्याला ऐकू येत नाही. तेव्हा ती कुजबुज साठवावीच कशाला, असा तिचा हिशेब आहे. जे टाकले गेले ते पुन्हा मिळत नाही. मूळ स्वरूपातील ध्वनिमुद्रण, ज्याला ‘वेव्ह’ फाईल म्हणतात, दोन वाहिन्यांचे असल्यास एका मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा घेते. बोललेल्या शब्दासाठी ६४ किलोबिटची एमपी थ्री पुरेशी होते आणि तिचा संपूर्ण तास २९ मेगाबाइटच्या आत बसतो. बचत मोठी आहे, परंतु एमपी थ्रीची पुन्हा एमपी थ्री केली की प्रत्येक खेपेस आणखी काही गळते. म्हणून मूळ फाईल जपून ठेवावी आणि वाटण्यासाठी प्रत काढावी. आणखी एक गोष्ट यातूनच उलगडते. एमपी थ्री झिपमध्ये बांधल्याने तिचा आकार जवळजवळ कमी होत नाही; पाठविणारा झिप करतो तो केवळ पन्नास फाईली एकत्र राहाव्यात म्हणून.

आता संकेतस्थळाकडे वळू. उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातील बाजारकुणंगसारख्या सह्याद्रीच्या रानातील गावाचा विचार करावा. या भागात घरी कोकणी, शाळेत कन्नड आणि सीमेकडच्या लोकांत मराठी, असा तीन भाषांचा व्यवहार आहे. ज्या वृद्ध आजीला यांतली कोणतीही लिपी वाचता येत नाही, तिच्यापर्यंत वचन कानावाटेच पोहोचणार. विश्वास ऐकण्याने होतो, असे पौलाने रोमकरांस कळविले (अध्याय १०), ते येथे अक्षरशः खरे ठरते. रानात मात्र एक टेकडी ओलांडली की मोबाईलची रेंज जाते. १०० मेगाबाइटची झिप संकेतस्थळावर रूपांतरासाठी द्यावयाची म्हणजे ते १०० मेगाबाइट आधी वर चढवावयाचे आणि मग तितकेच पुन्हा खाली उतरवावयाचे; मध्येच रेंज गेली तर पुन्हा पहिल्यापासून. तीच झिप मोबाईलमधील फाईलींच्या ॲपमध्ये दाबली असता इंटरनेटवाचून, काही क्षणांत सुटते. संगणकावर झिपवर उजवे बटण दाबून ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ निवडावे. ‘रार’ नावाचे दुसरे गाठोडे आले तर ‘सेव्हन-झिप’ हा विनामूल्य प्रोग्राम ते सोडतो.

आतील फाईली एमपी थ्रीच असल्या तर काम संपले. कधी त्या ‘एम फोर ए’ किंवा ‘ओपस’ असतात. व्हॉट्सॲपवरील बोललेले निरोप ओपसमध्येच असतात, आणि मेमरी कार्डवर चालणारे स्वस्त स्पीकर ते पुष्कळदा ओळखत नाहीत. खरे रूपांतर लागते ते येथे. ‘ऑडॅसिटी’ किंवा ‘व्हीएलसी’ हे प्रोग्राम विनामूल्य आहेत, आणि एकदा संगणकावर घेतले की इंटरनेट नसतानाही ते काम करतात. स्पीकरसाठी नावे देताना क्रमांक ०१, ०२ असे घालावेत, स्तोत्रांना ००१ पासून. नाहीतर बरेच स्पीकर १ नंतर १० लावतात आणि लूकच्या पहिल्या अध्यायानंतर श्रोते एकदम दहाव्यात जाऊन पोहोचतात.

खर्चापेक्षाही गंभीर अशी एक बाब आहे. रूपांतर करून देणारे संकेतस्थळ म्हणजे कोणा अनोळखी माणसाचा संगणक. तेथे आपण फाईल ‘दाखवीत’ नाही, तिची प्रत त्याच्या स्वाधीन करतो. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने सावधगिरीची सूचना दिली होती की, फुकट रूपांतर करून देणारी काही संकेतस्थळे परत दिलेल्या फाईलीतून घातक प्रोग्राम घुसवितात आणि दिलेल्या फाईलीतील खाजगी माहिती काढून घेतात. शास्त्रवाचनाची फाईल कोणी ठेवून घेतली तर फारसे बिघडत नाही. पण धर्मग्रामातील ध्वनिमुद्रणे केवळ शास्त्रवाचनाचीच नसतात. विधवेने सांगितलेली साक्ष, कुटुंबातील तंट्याविषयीची बैठक, आजाऱ्यासाठी नाव घेऊन केलेली प्रार्थना, लहान मुलांचे पाठांतर, हेही त्यांत असते. कोणाचीही सत्कीर्ती आणि खाजगीपण अन्यायाने भंग करू नये, असे १९८३ च्या धर्मसंहितेचे २२० वे कलम बजावते. ती मुद्रणे परक्या यंत्रावर चढविताना त्या विधवेची अनुमती कोणी घेतली? (पापनिवेदनाचा येथे प्रश्नच उद्भवत नाही, त्याचे मुद्रण होताच कामा नये.)

झिप उघडतानाही फाईलीचे पूर्ण नाव पाहावे. ‘भक्तिगीत.एमपी थ्री.एपीके’ अशा नावाची वस्तू गीत नसून मोबाईलवर चढणारा प्रोग्राम असते. नावातील शेवटचा तुकडा खरा. विंडोज संगणक तो तुकडा मुळात लपवून ठेवतो, तो दिसेल अशी व्यवस्था करून घ्यावी.

या खटाटोपाचे मोल कळण्यासाठी एक जुनी गोष्ट सांगण्याजोगी आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात, ज्याचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये निघाला आणि ज्यात कोकणीचाही समावेश आहे, प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून उधळ्या पुत्राचा दाखला घेतला गेला. पुढे १९१३ ते १९२९ या काळात या सर्वेक्षणासाठी भारतीय भाषांच्या ग्रामोफोन तबकड्या तयार झाल्या, आणि त्यांतही तोच दाखला अनेक बोलींतून बोलला गेला. त्या तबकड्यांचे संगणकीय रूपांतर होऊन शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशिया ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर त्या ऐकावयास मिळतात. बोलणारे केव्हाच निवर्तले. जोयड्याच्या एखाद्या वाडीतील आजी आज जी गाणी आणि प्रार्थना तोंडपाठ म्हणते, त्यांचे मुद्रण धर्मशिक्षकाने मोबाईलवर केले, तर मूळ फाईल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी, आजीचे नाव तिला विचारूनच लिहावे, आणि एमपी थ्री प्रत तिच्या घरच्यांना कार्डावर घालून द्यावी.