हातातील संगणक आणि विजेची काटकसर

मुरबाड तालुक्यातील धसई हे परिसरातील लहान गावांचे व पाड्यांचे बाजाराचे ठिकाण आहे. १ डिसेंबर २०१६ रोजी हे गाव राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर करण्यात आले. बँक ऑफ बडोदाच्या साहाय्याने येथील दुकानदारांना कार्ड स्वीकारणारी यंत्रे देण्यात आली आणि तळहाताएवढ्या या पेटीची ओळख गावकऱ्यांना झाली.

ही पेटी म्हणजे वस्तुतः एक लहान संगणकच होय. रास्त भाव दुकानातील ई-पॉस यंत्र, एस. टी. वाहकाच्या हातातील तिकीटयंत्र आणि अंगणवाडी सेविकेचा मोबाईल ही याच कुळातील साधने आहेत. कचेरीतील टेबलावरच्या संगणकाच्या प्रोसेसरला कित्येक वॅट वीज लागते आणि तो थंड ठेवण्यासाठी पंखा फिरवावा लागतो. हातातील यंत्र मात्र लहानशा बॅटरीवर तासन्‌तास काम करते. शहापूर व मुरबाड या डोंगराळ तालुक्यांत पावसाळ्यात वीज गेली म्हणजे या गुणाचे मोल कळते. तो साधतो कसा, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

एका छपराखालील कारभार

पंचायत समितीचे विभाग गावभर विखुरलेले असतील, तर प्रत्येक कागद घेऊन शिपायाला हिंडावे लागते. सर्व विभाग एकाच इमारतीत आले की ही पायपीट वाचते. जुन्या संगणकात गणित करणारी, पडदा चालवणारी व बाह्य उपकरणांशी बोलणारी चिप वेगवेगळी असे. एका चिपकडून दुसरीकडे संदेश पाठवताना बरीच वीज खर्ची पडे. हातातील संगणकासाठी हे बहुतेक विभाग सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर आणण्यात आले.

या चिपमध्ये एक छोटी, अतिशय जलद स्मृतीही असते. मुख्य स्मृती ही दूरच्या विहिरीसारखी, तर ही छोटी स्मृती घरात भरून ठेवलेल्या हंड्यासारखी. वारंवार लागणारी माहिती हंड्यातूनच मिळाल्याने विहिरीच्या खेपा कमी होतात. त्यामुळे वेळ वाचतो आणि वीजही वाचते.

काटकसरीचे तीन मार्ग

पहिला मार्ग साध्या आज्ञांचा. एकाच ठरावीक लांबीच्या व मोजक्या प्रकारच्या आज्ञा असल्या की त्यांचा अर्थ लावणारी मंडले लहान होतात. दुसरा मार्ग व्होल्टता कमी करण्याचा. चिपमधील स्विच चालू-बंद होताना लागणारी ऊर्जा व्होल्टतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणून व्होल्टता निम्मी केल्यास तेवढ्याच कामाला लागणारी ऊर्जा जवळजवळ एक-चतुर्थांशावर येते. मात्र अशा वेळी कामाचा वेगही उतरवावा लागतो. तिसरा मार्ग विश्रांतीचा. रिकाम्या खोलीतील दिवा मालवावा त्याप्रमाणे काम नसलेल्या विभागाचे ठोके थांबवले जातात. गाढ झोपेत बहुतेक विभागांची वीजच तोडली जाते व केवळ घड्याळासारखे मोजके भाग जागे राहतात.

केंब्रिज ते बंगळूर

या विचाराचा एक महत्त्वाचा आरंभ इंग्लंडमधील केंब्रिज येथे झाला. तेथील एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर यांनी आखलेली पहिली एआरएम चिप एप्रिल १९८५ मध्ये चालू झाली. तिचा वीजवापर मोजताना मापकाचा काटा शून्यावरच राहिला. तपासाअंती असे आढळले की, चिपला वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. इतर तारांमधून झिरपणाऱ्या अल्प विजेवरच ती काम करीत होती. आजचे बहुतेक मोबाईल याच घराण्यातील प्रोसेसरवर चालतात.

भारतात बंगळूर येथील शास्त्रज्ञ व अभियंत्यांनी २००१ मध्ये ‘सिम्प्युटर’ या हातातील संगणकाचा नमुना सादर केला. निरक्षर व्यक्तीलाही वापरता यावा म्हणून भारतीय भाषांतील मजकूर बोलून दाखवण्याची सोय त्यात होती. त्यातील स्ट्राँगआर्म एसए-१११० ही चिप एआरएम घराण्यातीलच. ती सेकंदाला २० कोटी ६० लाख ठोक्यांच्या वेगाने चालताना अर्ध्या वॅटहून कमी वीज घेई. झोपेच्या अवस्थेत तिचे घड्याळ सेकंदाला अवघ्या ३२,७६८ ठोक्यांवर चाले. सिम्प्युटरची विक्री अपेक्षेइतकी झाली नाही. तथापि ग्रामीण गरज समोर ठेवून यंत्र घडवण्याचा तो लक्षणीय प्रयत्न होता.

अंगणवाडीचा धडा

काटकसर म्हणजे कमी क्षमता नव्हे. पोषणविषयक नोंदींसाठी दिलेले मोबाईल राज्यातील अनेक अंगणवाडी सेविकांनी २०२१ मध्ये परत केले. स्मृती अपुरी पडते व यंत्र तापते, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. कारण उघड आहे. कार्यप्रणाली मोठी आणि स्मृती लहान असली की तीच माहिती पुनःपुन्हा आत-बाहेर न्यावी लागते. मग चिपला विश्रांती मिळत नाही आणि बॅटरी लवकर उतरते. बालकाचे वजन झाले, पण नोंद झाली नाही, तर त्याच्या कुपोषणाकडे वेळेवर लक्ष जाणार कसे?

म्हणून यंत्राची निवड करताना केवळ किंमत व प्रोसेसरचा वेग पाहून भागणार नाही. नेमून दिलेली कार्यप्रणाली त्यावर सुरळीत चालते काय, दिवसभराच्या कामाला बॅटरी पुरते काय, भर उन्हात पडदा वाचता येतो काय, आणि संपर्क नसताना नोंद यंत्रातच राखून नंतर पाठवता येते काय, हे पाहणे अगत्याचे आहे. डोंगरकपारीत क्षीण संपर्क शोधताना मोबाईलची बरीच वीज खर्च होते. त्यामुळे शेवटची सोय विशेष महत्त्वाची ठरते. ही पारखणी तालुक्याच्या कचेरीत न करता दूरच्या पाड्यावर, सेविकेच्या हाती यंत्र देऊन केल्यास तिचे खरे उत्तर मिळेल.