दुखणे एक, डॉक्टर अनेक



सरदाची लावणी सुरू झाली की पेडणे-डिचोलीतले आपण दिवसभर चिखलात उभे असतो. पायाला चीर असते, पाण्यात उंदराची लघवी मिसळलेली असते. त्यातून लेप्टोचा ताप येतो. अंग दुखते, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात. लावणीचा शीण म्हणून आपण दोन दिवस काढतो. मग एका डॉक्टरकडे जातो, गुण आला नाही की दुसऱ्याकडे. शेवटी डोळे पिवळे होतात, लघवी कमी होते आणि बांबोळीला धाव घ्यावी लागते. तेथे विचारतात, ''आधी कोणती औषधे दिली?'' आपल्या हाती कागद नसतो. वेळीच ओळखला तर हा ताप औषधाने बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंडे निकामी होऊन जीवही जातो.

येथे डॉक्टर कमी नव्हते, त्यांना जोडणारा धागा नव्हता.

अमेरिकेत वृद्धांच्या 'मेडिकेअर' या सरकारी विम्यात 2012 पासून एक प्रयोग चालू आहे. डॉक्टर आणि इस्पितळे एकत्र येऊन ठरावीक रुग्णांची जबाबदारी घेतात. तीच तपासणी दोनदा होऊ नये, घरी गेलेल्या रुग्णाची विचारपूस व्हावी, हे ते पाहतात. सेवा चांगली ठरली आणि खर्चही वाचला, तर बचतीतला वाटा त्यांना मिळतो.

आपल्या देशात 2013 साली सरकारी आरोग्य संस्थांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता मानके आली. बाहेरचे परीक्षक येऊन पाहणी करतात आणि उत्तीर्ण संस्थेला प्रोत्साहन रक्कम मिळते. पण हे बक्षीस एकेका संस्थेचे. उपकेंद्र, आरोग्य केंद्र, म्हापशाचे जिल्हा इस्पितळ आणि बांबोळीचे गोमेकॉ यांमधला धागा बराचसा आपल्याच हाती राहतो.

तेव्हा एवढे करू या. घरात प्रत्येकाची एक पिशवी ठेवू या. चिठ्ठ्या, तपासण्या, गोळ्यांची पाकिटे तिच्यातच. लावणीच्या दिवसांत ताप आला तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊ या आणि ''शेतात काम करतो'' हे आवर्जून सांगू या. मोठ्या इस्पितळात पाठवले तर चिठ्ठी मागून घेऊ या आणि घरी परतल्यावर तिथला कागद गावच्या केंद्रात दाखवू या. शेजारी एकटा असेल तर त्याची पिशवी आपण धरू या.

शरीर एक, अवयव अनेक, हा संत पौलाचा दृष्टांत आपण मिस्सेत ऐकतो. आजारी माणसाच्या दाराशी तो आचरणात आणू या.