विहिरीच्या पाण्याखालील काम : साधने व दक्षता

अंबाजोगाई तालुक्यात बालाघाटच्या काळ्या पाषाणात खोदलेल्या विहिरींत फूट व्हॉल्व्ह गाळाने तुंबला म्हणजे गावातील एखाद्या पोहणाऱ्यास बुडी मारण्यास सांगण्यात येते. पाणी दोन-तीन पुरुषच असल्याने यात धोका नाही, असा सर्वसाधारण समज आढळतो. तो बरोबर नव्हे.

काम लांबले की पोहणारा वर येऊन भराभर दीर्घ श्वास घेतो व पुन्हा बुडी मारतो. यामुळे रक्तातील प्राणवायू फारसा वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो. श्वासाची निकड भासते ती याच वायूमुळे. ती वेळेवर न भासल्याने मनुष्य पाण्याखालीच बेशुद्ध होतो. पट्टीच्या पोहणाऱ्यास हा धोका अधिक, कारण तो आपल्या दमावर विसंबतो.

लांब नळीचे एक टोक तोंडात व दुसरे काठावर ठेवण्याची युक्तीही निरुपयोगी होय. एक मीटर खोलीवर छातीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १०० ग्रॅम जादा भार पडतो. तेवढ्यानेही छाती फुलविणे अशक्यप्राय होते. म्हणून हवा दाबानेच पुरवावी लागते. त्यासाठी पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसर मुळीच आणू नये. त्याच्या हवेत तेलाची वाफ असते. श्वसनासाठीच बनविलेले, गाळणी व हवेची टाकी असलेले यंत्र हवे. त्याचे हवा ओढणारे तोंड इंजिनाच्या धुरापासून दूर, वाऱ्याच्या दिशेस ठेवावे. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. नळी तुटल्यास हवा उलट न जाऊ देणारी झडप मुखवट्याजवळ असावी, आणि कमरेचा वजनपट्टा एका हाताने सुटणारा असावा.

दाबाची हवा घेतलेल्याने वर येताना श्वास कधीही रोखू नये. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. वर येताना छातीतील हवा फुगते व फुप्फुस फाटू शकते. दोन मीटरवरूनही असे घडू शकते. सांधे धरण्याच्या विकाराचे भय मात्र उथळ पाण्यात थोडे. अमेरिकी आरमाराच्या कोष्टकात २० फुटांपर्यंत त्यासाठी कालमर्यादा नाही. तेथे मर्यादा घालते ती थंडी, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता खेचते. अंगास कापरे भरताच माणसास वर घ्यावे.

उतरण्यापूर्वी विजेचा प्रवाह बंद करून फ्यूज काढावेत व ते काठावरील माणसाने स्वतःजवळ ठेवावेत. कमरेस दोर असावा. त्याच्या खुणा आधी ठरवाव्यात.

पाण्यावरील हवाही तपासावी. बंदिस्त विहिरीत प्राणवायू कमी असतो. विहिरीत उतरविलेले डिझेल इंजिन तर ती विषारीच करते. कंदील विझला तर उतरू नये हे खरे. परंतु तो जळत राहिला म्हणून हवा निर्धोक ठरत नाही. वायुमापक यंत्रच हवे. आत कोणी कोसळल्यास मागोमाग उतरू नये. दोराने ओढावे, व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

बहुतेक वेळा उतरण्याची गरजच टाळता येते. लवचिक नळ वापरून फूट व्हॉल्व्हभोवती जाळी बसवावी व त्यास नायलॉनचा दोर बांधून तो काठावर आणून ठेवावा. म्हणजे नळासह तो वर ओढून साफ करता येतो.