औषधाला सुरांची जोड

नैराश्यावर ध्वनीचा वापर दोन अगदी वेगळ्या रीतींनी होतो. एकीत रुग्ण डोळे मिटून पडून राहतो आणि धातूच्या वाडग्यांचे, घंटांचे नाद ऐकतो. ‘साउंड बाथ’ म्हणतात ती हीच. दुसरीत तो प्रशिक्षित संगीतोपचारकासोबत स्वतः गातो, वाजवतो. पहिलीने ताण हलका होतो, पण नैराश्याबाबतचा तिचा पुरावा तोकडा आहे. २०१७ साली अमेरिकेत ६२ जणांवर झालेल्या वाडग्यांच्या अभ्यासात खिन्नता घटलेली दिसली. मात्र तुलनेला दुसरा गटच नव्हता. तेवढा वेळ नुसते शांत पडून राहूनही तसेच वाटले असते का, हे त्यातून कळत नाही.

दुसऱ्या रीतीचा पाया अधिक भक्कम आहे. फिनलंडमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नैराश्याचे ७९ रुग्ण होते. नेहमीचे उपचार सर्वांनाच मिळाले. ३३ जणांना त्याशिवाय संगीतोपचाराची २० सत्रे देण्याचे ठरले. गाणे-बजावणे येण्याची अट नव्हती. रुग्ण आणि उपचारक मिळून सुचेल ते वाजवत आणि त्यातून मनात जे वर येई त्यावर बोलत. तीन महिन्यांनी हा गट अधिक सावरलेला होता, सहा महिन्यांनी मात्र दोन्ही गटांतले अंतर पुसट झाले. पुढे वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१७च्या आढाव्यात ९ अभ्यासांतील ४२१ जणांची माहिती एकत्र तपासली गेली. नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिल्यास निदान काही काळ तरी अधिक आराम पडतो, असा त्याचा निष्कर्ष आहे.

नैराश्यात माणूस हळूहळू सगळ्यातून अंग काढून घेतो आणि त्याच त्या विचारांत घुटमळत राहतो. गाताना श्वास लांबतो, ताल धरण्यात लक्ष गुंतते, आणि ठरल्या वेळी चार माणसांत जावेच लागते. मुंबईतल्या लालबाग-परळच्या चाळींत हे सारे फार पूर्वीपासून होते. कोकणातून गिरणीत आलेले, बायकामुले गावी ठेवून गाळ्यात दाटीने राहणारे कामगार रात्री भजनाला बसत. बुवांनी पेटीवर ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती झांज-पखवाजाच्या साथीत उचलायची. बेसूर माणूसही त्यात सामावून जाई. भजन हा उपचार नव्हे, पण डॉक्टरांच्या उपचारांबरोबर अशी बैठक मिळणे ही खरोखर मोलाची गोष्ट आहे.

अमुक विकारावर अमुक राग, अशी कोष्टके मराठी वाचकाला परिचित आहेत. सतारवादक शशांक कट्टी यांनी मुंबईत ‘सूर संजीवन’मधून रागसंगीताला आयुर्वेदाची जोड दिली. रागाचा मनावर परिणाम होतो, यात शंका नाही. पण एकच राग प्रत्येक रुग्णाला सारखा लागू पडेल, असे मानायला आधार नाही. ज्याच्या कानावर लहानपणापासून अभंग पडले त्याला अभंग जवळचा, दुसऱ्याला जुने चित्रपटगीत. म्हणून चांगला उपचारक आधी रुग्णाची आवड विचारतो. एकट्याने तीच उदास गाणी पुनःपुन्हा ऐकल्याने काहींचे मन आणखी खचते. काहींना मोठा आवाजच सोसत नाही. अशा वेळी गाणे थांबवावे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खिन्न राहिले, कशातच रस वाटेनासा झाला, झोप आणि भूक बिघडली, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. परळच्या केईएम रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. मनात जीव देण्याचे विचार येत असतील, तर सुरांची वाट न पाहता त्याच क्षणी घरच्यांना सांगावे, जवळचे रुग्णालय गाठावे किंवा शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सेवा मोफत आहे आणि रात्रंदिवस चालते.