बडोद्याची इंग्रजी आणि मातृभाषेची वाट

बडोद्यातील खंडेराव मार्केटची इमारत तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये आपले दत्तक पिता खंडेराव महाराज यांच्या स्मरणार्थ उभारली आणि त्याच वर्षी प्राथमिक शिक्षण संपूर्ण संस्थानात सक्तीचे व मोफत केले. आज या इमारतीत शहराच्या महानगरपालिकेचे कार्यालय आहे, मागच्या बाजूला फुलांचा आणि भाजीचा बाजार भरतो. येथील मराठी घरातले मूल घरी मराठी बोलते, बाजारात गुजराती ऐकते आणि पालकांच्या इच्छेने बहुधा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत बसते. वाचन-लेखनाची पहिली ओळख नेमक्या कोणत्या भाषेतून व्हावी, हा प्रश्न अशा मुलाच्या बाबतीत नुसत्या तत्त्वचर्चेचा राहत नाही. आणि त्याचे बरेचसे उत्तर बडोद्याच्याच इतिहासात सापडते.

त्या इतिहासातला पहिला विद्यार्थी स्वतः महाराज होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावचा गोपाळराव १८७५ च्या मे महिन्यात महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला, तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि त्याला अक्षरओळखही नव्हती. त्याच वर्षाच्या अखेरीस एफ. ए. एच. इलियट या इंग्रज अधिकाऱ्याची शिक्षक म्हणून नेमणूक झाली, पण या शिक्षणात एकटी इंग्रजी नव्हती. मराठी, गुजराती आणि उर्दू यांचेही पाठ त्याबरोबर चालू होते आणि ते देणारे शिक्षक एतद्देशीय होते. १८८१ मध्ये दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभाराच्या तत्त्वांवर जी व्याख्याने तरुण महाराजांना दिली आणि जी पुढे ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापली गेली, ती इंग्रजीत होती. म्हणजे धुळाक्षरांपासून निघालेला मुलगा सुमारे सहा वर्षांत करपद्धती, न्यायव्यवस्था आणि राजधर्म यांवरचे इंग्रजी विवेचन ऐकून समजून घेण्याइतपत तयार झाला. राजपुत्राला मिळालेली साधने सामान्य मुलाला मिळत नाहीत हे खरेच. तरीही शिकवण्याचा क्रम आणि लागलेला काळ या दोन्ही गोष्टी नजरेआड करण्याजोग्या नाहीत.

लागलेल्या काळाचा अर्थ पुढे शंभर वर्षांनी अधिक स्पष्ट झाला. कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ पासूनच्या आपल्या लेखनात भाषाक्षमतेचे दोन थर वेगळे केले. समोरासमोरच्या बोलण्यासाठी लागणारी, हावभाव आणि प्रसंग यांचा आधार असलेली संभाषणक्षमता हा पहिला थर. पुस्तकातला युक्तिवाद समजून घेणे, व्याख्या करणे, कार्यकारणभाव लिहून मांडणे यांसाठी लागणारी शैक्षणिक भाषाक्षमता हा दुसरा. दुसऱ्या भाषेतली संभाषणक्षमता साधारण दोन वर्षांत येते, शैक्षणिक क्षमतेला मात्र पाच ते सात वर्षे लागतात, आणि एका भाषेत कमावलेली वाचनाची जाण दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. इंग्रजी शाळेतले मूल दोन वर्षांत फाडफाड बोलू लागते, घरचे समाधान पावतात, आणि चौथी-पाचवीत विज्ञानाचा धडा आला की ते गोंधळते. या नेहमीच्या अनुभवाचे कारण बव्हंशी या दोन थरांमधल्या अंतरात आहे.

सक्तीच्या शिक्षणाची योजना सयाजीरावांनी एकदम सगळीकडे लादली नाही. १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग करून पाहिल्यावरच ती १९०६ मध्ये राज्यभर लागू झाली, आणि केंद्रीय कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडताना बडोद्याचा दाखला दिला. या योजनेत प्राथमिक शाळेची भाषा देशी होती आणि इंग्रजी वरच्या वर्गांसाठी राखलेली होती. त्या काळी बडोद्यातला सुशिक्षित वर्ग इंग्रजीसाठी आसुसलेला होता, तेव्हा हा क्रम राखण्याला थोडे धैर्य लागले असणार.

वरच्या वर्गांतल्या इंग्रजीची स्थिती मात्र फारशी समाधानकारक नव्हती. १८९३ मध्ये बडोद्याच्या नोकरीत आलेले आणि पुढे बडोदा कॉलेजात इंग्रजी शिकवणारे अरविंद घोष यांनी नंतरच्या काळात अशी आठवण सांगितली आहे की, त्यांचे विद्यार्थी व्याख्यानातला प्रत्येक शब्द उतरवून घेत आणि पाठ करीत. स्वतः विचार करण्याची सवय त्यांना नव्हती. त्या पिढीच्या हाती असलेले मुख्य साधन व्याकरण-भाषांतर पद्धतीचे होते, म्हणजे नियम सांगायचा, शब्दांची यादी द्यायची आणि वाक्ये इकडून तिकडे भाषांतरित करायला लावायची. मराठी घरांत तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने हेच काम पिढ्यान्‌पिढ्या केले. या पद्धतीची आज थट्टा होते, पण मराठी नीट वाचता-लिहिता येत असल्याशिवाय त्या पुस्तकाचे पहिले पानही उलगडत नसे, ही तिची जमेची बाजू थट्टा करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

पाठांतराला उतारा वाचनाचा असतो आणि तो बडोद्याने शाळेबाहेर शोधला. अमेरिकेत पाहिलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांनी प्रभावित होऊन सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावले, मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, पेट्यांमधून खेडोपाडी पुस्तके जाऊ लागली आणि मोतीभाई अमीन यांच्या खटपटीने गावोगावी वाचनालये निघाली. १९१२ मध्ये सुरू झालेले ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघत असे. याच सुमारास नाही, पण फार उशिराही नाही, १९२० च्या दशकात ढाक्यात मायकेल वेस्ट यांनी भारतीय विद्यार्थ्याला इंग्रजीत आधी वाचायला शिकवावे असे आग्रहाने मांडले आणि मोजक्या शब्दसंख्येची, चढत्या क्रमाची वाचनपुस्तके तयार केली.

वाचनाच्या पहिल्या पायरीवर मराठी किंवा गुजराती मुलाची अडचण विशिष्ट स्वरूपाची असते. देवनागरीत आणि गुजराती लिपीत चिन्ह आणि उच्चार यांचा संबंध बराचसा स्थिर आहे, तर इंग्रजीत सव्वीस अक्षरांनी चाळीसहून अधिक ध्वनी भागवावे लागतात. त्यामुळे शब्दातले ध्वनी सुटे करून ऐकण्याचे कौशल्य, ज्याला ध्वनिजाणीव म्हणतात, ते आपल्या लिपीत कमावलेले असले तर अर्धे काम झालेले असते. ‘पेन’ आणि ‘पॅन’ यांतला फरक गुजराती कानाला अवघड जातो, ‘झू’ शब्दातला आरंभीचा ध्वनी मराठी मुलाला ‘जोर’मधल्या ‘ज’मुळे तुलनेने जवळचा वाटतो, आणि इंग्रजीतले दोन वेगळे ओष्ठ्य ध्वनी दोघेही एकाच ‘व’ने उरकतात. वाक्यरचनेतही ‘मला भूक लागली’ म्हणणाऱ्या मुलाला इंग्रजीत भुकेचा कर्ता आपण स्वतः असतो हे वेगळे शिकावे लागते. ज्या शिक्षकाला मुलाची भाषा येते त्याला या चुका आधीच दिसतात. ज्याला येत नाही तो त्यांना निष्काळजीपणा समजतो.

दक्षिणेत १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी प्रादेशिक माध्यमाच्या शाळांत केलेल्या प्रयोगाचे मोल येथे कळते. नियम शिकवण्याऐवजी नकाशा वाचणे, वेळापत्रकावरून गाडी शोधणे अशी कामे इंग्रजीतून सोडवायला देण्याची ही कार्याधारित पद्धत वरवर पाहता मातृभाषेला बाजूला सारते, पण ती मुले कन्नड किंवा तमिळमध्ये आधीच साक्षर होती. उलट महाराष्ट्रात २००० साली तत्कालीन शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या पुढाकाराने पहिलीपासून इंग्रजी आली, तेव्हा मुलाच्या हाती दोन्ही लिप्या एकाच वेळी पडल्या. हेतू समतेचा होता, पण शिक्षकांची तयारी त्या वेगाने झाली नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे, तर गुजरातने २०२३ मध्ये कायदा करून सर्व शाळांत पहिली ते आठवी गुजराती सक्तीची केली.

बडोद्यातल्या मराठी मुलाला शाळेत गुजराती आणि इंग्रजी मिळतात, मराठी मिळेलच असे नाही. १९०९ पासून २०१८ पर्यंत चार मराठी साहित्य संमेलने भरवणाऱ्या शहरात मराठी लिपी घरच्या शिकवणीवर सोडली जाणे ही काही भावनेपुरती हानी नव्हे, कारण घरच्या भाषेतली वाचनाची जाण हाताशी नसेल तर इंग्रजीच्या पाच-सात वर्षांचे ओझे मुलाला एकट्यानेच उचलावे लागते. खंडेराव मार्केटातल्या कार्यालयाच्या कक्षेत शहराच्या प्राथमिक शाळा येतात; तेथील वर्गांत आठवड्याचे दोन-तीन तास मराठी वाचनाला दिले, तर इंग्रजीच्या तासांना त्यातून काहीच तोटा होणार नाही.