तान्ह्या बाळाचं जठर आणि कसाऱ्याचा घाट

दिवस भरण्याआधी जन्मलेलं, कमी वजनाचं बाळ. दोन-तीन दिवस बरं दूध घेतं आणि मग अचानक तोंड फिरवतं. मलूल पडतं, पोट टम्म फुगतं, धाप लागते. जठराला चीर गेली की असं होतं. दूध, आम्ल आणि गिळलेली हवा पोटाच्या पोकळीत उतरते. हवेच्या दाबाने छातीखालचा पडदा वर रेटला जातो आणि जंतू रक्तात शिरू लागतात. हाताशी वेळ असतो तो काही तासांचा.

आजार विरळा आहे. मोठ्या रुग्णालयांतही वर्षाकाठी अशी मोजकीच बाळं दिसतात. तरीही नाशिकसारख्या जिल्ह्यात नवजातांच्या शस्त्रक्रियेची वाट कशी घडत गेली हे पाहायचं, तर मला याच आजाराचं बोट धरावंसं वाटतं. बाळंतपणाची खोली, काचेची पेटी, रुग्णवाहिका, भूल, टाका, दूध यांतलं एक जरी कमी पडलं, तरी हे बाळ हाती लागत नाही.

या आजाराचं पहिलं वर्णन 1825 साली झीबोल्ड या जर्मन डॉक्टरने केलं. पुढची शंभर वर्षं असं बाळ दगावणार हे धरूनच चालत. 1929 साली स्टर्न यांनी शस्त्रक्रिया करून पाहिली, ती यशस्वी झाली नाही. टाके घातलेलं बाळ जगल्याची पहिली नोंद फ्रान्समधल्या लेजे यांच्या नावावर आहे, 1950 सालची.

दरम्यान जठर फाटतंच का, यावर वाद चालू होता. 1943 साली हर्बट यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितलं की फाटलेल्या जागी जठराच्या भिंतीत स्नायूच नसतात, म्हणजे दोष जन्मजात. हे मत बरीच वर्षं टिकलं, आणि त्यात एक हतबलता होती: उपजतच उणं असेल तर करणार काय? 1965 साली न्यूयॉर्कच्या शॉ आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या जठरात हवा भरत नेऊन पाहिली. प्रमाणाबाहेर ताणलं की जठर मोठ्या वळणाकडे फाटतं, आणि फाटल्यावर स्नायूंचे धागे मागे सरकतात. म्हणून कडेला स्नायू नसल्यासारखे दिसतात. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. त्याने प्रश्न नशिबाकडून काढून देखभालीकडे आणला. जन्मल्यावर न रडलेल्या बाळाला पिशवी-मास्कने श्वास देताना हवा जठरातही जाते. तिथे नळी टाकून ती काढली नाही तर जठर ताणत राहतं. कडक नळी जोर लावून ढकलली तर ती स्वतःच भोक पाडू शकते. पुढे आतड्यात अडथळा असेल किंवा अन्ननलिका श्वासनलिकेला जोडलेली असेल, तरीही जठरावर ताण येतो. ‘आपोआप फाटलं’ असं अजूनही लिहिलं जातं. हे खरोखर आपोआप होतं का, असा प्रश्न लिओन आणि क्रास्ना यांनी 2000 साली आपल्या लेखाच्या मथळ्यातच विचारला होता.

शस्त्रक्रिया ऐकायला सोपी आहे. एक्स-रेत पोटभर मोकळी हवा दिसली की दूध बंद, तोंडातून जठरात नळी, शिरेतून सलाइन आणि प्रतिजैविकं. श्वास अगदीच अडला असेल तर पोटात बारीक सुई घालून आधी हवा सोडतात, आणि बाळ तिथल्या तिथे थोडं सैलावतं. मग बेंबीच्या वर आडवा छेद. चीर बहुधा मोठ्या वळणाकडे, वरच्या भागात सापडते. समोर दिसली नाही तर जठर उचलून मागची बाजू पाहावीच लागते. तिथे राहिलेलं छिद्र बाळाला वाचू देत नाही. काळवंडलेली कड कापत कापत रक्त येणाऱ्या निरोगी भागापर्यंत जायचं, विरघळणाऱ्या बारीक धाग्याने बहुधा दोन थरांत टाके घालायचे, पोटातल्या चरबीचा पदर, म्हणजे ओमेंटम, त्यावर बसवायचा आणि कोमट सलाइनने पोट धुऊन काढायचं. हे सगळं दीड-दोन किलोच्या जिवावर. उघड्या पोटातून त्याची ऊब भराभर निघून जाते, म्हणून शस्त्रक्रियागृहातला एसी बंद करून मोठी माणसं घामाघूम होत काम करतात.

हा टाका गेल्या सत्तर वर्षांत फारसा बदललेला नाही. जुन्या नोंदींत मात्र निम्म्याहून अधिक बाळं दगावलेली दिसतात, आणि आज चांगल्या ठिकाणी वेळेत पोचलेली बरीचशी घरी जातात. हा फरक टाक्याच्या भोवती घडला. तान्ह्या बाळाची भूल आणि व्हेंटिलेटर सुधारले. शस्त्रक्रियेनंतर आठवडाभर किंवा अधिक काळ तोंडाने काही द्यायचं नसतं, आणि पूर्वी बाळं त्या उपासातच खंगत. 1968 साली फिलाडेल्फियात विल्मोर आणि डड्रिक यांनी एक बाळ केवळ शिरेतून दिलेल्या पोषणावर वाढवून दाखवलं. दूध पुन्हा सुरू करायचं तर ते आईचं हवं. अंगावर पुरेसं दूध नसेल तर दुसऱ्या आईचं. आशियातली पहिली दुग्धपेढी 1989 साली मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी उभी केली. त्याच रुग्णालयाच्या अधिष्ठाता आणि पुढे मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू झालेल्या डॉ. स्नेहलता देशमुख मुळात बालशल्यचिकित्सक. परळचं वाडिया तर 1929 पासून मुलांचं रुग्णालय.

या सोयी मुंबईत, आणि नाशिकला निरोप मिळायचा एका वाक्यात: “मुंबईला न्या.” सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, इगतपुरीच्या पाड्यावरचं बाळ आधी ग्रामीण रुग्णालयात, मग नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे सिव्हिलला, मग कसारा घाट उतरून मुंबईला. सुरगाण्याहून नाशकात यायला आजही दोन-अडीच तास मोडतात आणि पुढे मुंबई दीडशेहून अधिक किलोमीटर. ज्या आजारात तास मोजायचे, त्यात एवढी वाट म्हणजे बहुतेकांसाठी नकारच होता.

ही वाट हळूहळू आखडली. 1990 साली नाशिकच्या आडगावचं डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. शहरात बालशल्यचिकित्सक स्थिरावले, नवजातांचे खासगी अतिदक्षता कक्ष, म्हणजे एनआयसीयू, उघडले. पैशांचा प्रश्न उरलाच होता. जून 2011 मध्ये जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला आणि सरकारी रुग्णालयात आजारी नवजाताचे उपचार व ने-आण मोफत झाली. 2013 च्या नोव्हेंबरात राजीव गांधी जीवनदायी योजना, आताची महात्मा फुले जनआरोग्य योजना, राज्यभर लागू झाली आणि बालशस्त्रक्रियेसाठी खासगी रुग्णालयाचं दार गरिबाला किलकिलं झालं. 2014 पासून 108 ची रुग्णवाहिका धावू लागली.

आणि तरी 2017 आलं. त्या ऑगस्टमध्ये नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षात 55 अर्भकं दगावली. एप्रिलपासूनचा आकडा 187 होता. बाळं अपुऱ्या दिवसांची, श्वसन कमकुवत, आणि बरीचशी बाहेरून अखेरच्या अवस्थेत आणलेली, असं रुग्णालयाने सांगितलं. एकेका वॉर्मरवर एकाहून अधिक बाळं ठेवावी लागत होती, हेही तेव्हाच उघड झालं. यात जठर फुटलेलं एखादं बाळ होतं का, याने फरक पडत नाही. गर्दीच्या कक्षात पहाटे तीन वाजता कोणत्या बाळाचं पोट फुगतंय हे पाहायला डोळे मोकळे असतील का, हा खरा प्रश्न.

जिल्हा रुग्णालयांतले हे कक्ष, एसएनसीयू, ज्या 2011 च्या मार्गदर्शक सूचनांवर उभे राहिले, त्यांत व्हेंटिलेटर आणि मोठी शस्त्रक्रिया सोडून बाकी सगळी सेवा असं त्यांचं स्वरूप ठरवलेलं होतं. आमच्या या बाळाला नेमक्या त्याच दोन गोष्टी लागतात. म्हणजे सिव्हिलपर्यंत पोचणं हा अर्धाच प्रवास, आणि उरलेला अर्धा कोणाच्या जबाबदारीचा हे दर वेळी नव्याने ठरतं.

आणि या प्रवासाच्या पहिल्या टोकाचं, म्हणजे घरचं, काय? मेळघाटात बाळाचं पोट फुगलं की तापल्या विळ्याने चटके देण्याची ‘डंबा’ ही प्रथा अजून मिटलेली नाही. त्या आईला दोष द्यायला मी धजत नाही. फुगलेलं पोट तिला दिसलेलं असतं, धोकाही कळलेला असतो. जवळ दुसरा इलाज नसतो. घरी सोडलेल्या बाळाला आशाताई भेटायला येतात. ‘पोट फुगलं, दूध टाकलं, पेंगतंय’ ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली तर सकाळची वाट न पाहता गाडी बोलवायची, एवढं त्यांच्या हाती आहे. गाडीत चढवताना काय करायचं तेही ठरलेलं आहे: दूध बंद, जठरात मऊ नळी आणि तिचं तोंड उघडं, बाळ आईच्या उघड्या छातीशी किंवा गरम कपड्यांत, आणि पुढच्या रुग्णालयाला निघण्याआधी फोन, म्हणजे बाळ पोचेस्तोवर बालशल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ तिथे आलेले असतात. यातलं काहीच महाग नाही, आणि मुंबई तर आता यात लागतही नाही.